लेबर केअर गाईडचा कागद, आठ महिने लेबर रूममध्ये वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू (५ पैकी ३.५)

लोक मिक्सरचे आणि मोबाईलचे रिव्ह्यू लिहितात, मी एका कागदाचा लिहितेय. हसा हवं तर. पण गेली सतरा वर्षं सरकारी लेबर रूममध्ये ड्युटी करतेय आणि ह्या एका कागदाएवढं कुठल्याच वस्तूवर मी भांडलेली नाही, त्यामुळे रिव्ह्यू लिहायचा हक्क आहे असं मला वाटतं.

वस्तू काय ते आधी. डिलिव्हरीला आलेल्या बाईच्या कळा, बाळाचे ठोके, गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं, डोकं किती खाली आलं हे सगळं एका पानावर वेळेनुसार भरायचा तक्ता. आधी आम्ही ज्याला पार्टोग्राफ म्हणायचो त्याचाच नवीन अवतार, जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये काढला, नाव लेबर केअर गाईड. पीडीएफ फुकट मिळते, झेरॉक्सला दोन रुपये. आमचं ग्रामीण रुग्णालय डोंगराच्या पायथ्याला आहे, सिझर होतं ते उपजिल्हा रुग्णालय ४८ किलोमीटर, मध्ये घाट. म्हणजे १०८ दारात उभी असली तरी पावणेदोन तास धरायचे, पावसाळ्यात देवाचं नाव घ्यायचं. हे आधीच सांगून ठेवते कारण माझे सगळे मार्क ह्या ४८ किलोमीटरवरूनच दिलेत. शहरात खाली ओटी (ऑपरेशन थिएटर) असलेल्या सिस्टरचा रिव्ह्यू वेगळा असेल आणि तोही बरोबरच असेल.

कागद कशासाठी लागतो? बाई अडली की नाही ते वेळेत कळायला. आपल्याकडे शब्द जुनाच आहे, "अडली". आजीच्या तोंडी असायचा, मूल आडवं आलं, बाई अडली, बैलगाडी जुंपा. कळा जोरात येतायत आणि बाळ पुढे सरकत नाही, म्हणजे वाट अडलीये. कारणं साधीच, डोकं मोठं कटी लहान, किंवा डोकं वाकडं बसलंय, बाळाचं तोंड आभाळाकडे आहे, कपाळ पुढे आलंय, खांदा पुढे आलाय. अडचण अशी की अडलेली बाई पहिले काही तास नुसत्या हळू चाललेल्या बाईसारखीच दिसते. पहिलटकरीण असली की पिशवी थकते, कळा मंदावतात, आणि कुणीतरी म्हणतं जरा पिटोसीन (कळा वाढवायचं औषध) लावा की. तिसरी-चौथी खेप असली की पिशवी थकत नाही, ती जोर लावतच राहते आणि फाटते.

फाटलेली एक मी बघितली आहे. नोकरीचं दुसरंच वर्ष, ठिकाण सांगत नाही. चौथी खेप, घरीच कुणीतरी कळा वाढवायची दोन इंजेक्शनं देऊन ठेवलेली, दुपारी जीपमधून आणली. पोटावर बेंबीच्या खाली आडवी खाच पडलेली, दुधी भोपळ्याला मधे दोरी आवळावी तशी. मी नवीन, मला वाटलं भरलेली लघवीची पिशवी आहे. मग एकदम तिच्या कळा थांबल्या. ती शांत झाली, डोळे मिटून पडली. बाहेर सासू म्हणाली बरं झालं बाई, जरा आराम पडला. मी पण क्षणभर तेच समजले. नाडी धरली तर मोजताच येईना. बाळ गेलं, बाईला मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं, पिशवी काढावी लागली पण ती वाचली. केसपेपरला पार्टोग्राफ जोडलेला होता. कोरा. दुसऱ्या दिवशी तो कुणीतरी भरला, अगदी सुबक रेघा मारून.

हे भरणं प्रकरण सगळ्या सिस्टरना माहितीये, उगाच लाजू नका. डिलिव्हरी झाली, टाके झाले, बाळ आईजवळ दिलं, मग चहा पीत पीत पार्टोग्राफ "पूर्ण" करायचा. सगळ्या बायका तासाला बरोबर एक सेंटीमीटर उघडतात, सगळ्या बाळांचे ठोके १४०. तपासणीला माणूस आला की फाईल चकाचक. नाइटला एक सिस्टर, टेबलावर दोन बायका, वॉर्डात बारा, कोण कधी भरणार, हेही खरंच आहे. पण मग तो कागद म्हणजे नुसता कागद.

तर जुना पार्टोग्राफ आणि नवीन ह्यात फरक काय.

जुन्यात तासाला एक सेंटीमीटरच्या हिशोबाने दोन तिरक्या रेघा होत्या, अलर्ट (सावध व्हा) आणि त्याच्या चार तास उजवीकडे अ‍ॅक्शन. ट्रेनिंगला आमच्या मॅडमनी ह्याची गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. फ्रीडमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९५४ मध्ये पहिल्यांदा उघडण्याचा ग्राफ काढला, पण रेघा त्याच्या नाहीत. त्या १९७२ मध्ये फिलपॉट आणि कासल ह्या दोघांनी ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, मारल्या. कशासाठी, तर लांब लांबच्या दवाखान्यात एकटी नर्स असायची, तिला कळावं की आता बाईला मोठ्या हॉस्पिटलला हलवायची वेळ झाली. अलर्ट रेघ ओलांडली की गाडी काढ, आणि मधले चार तास हे रस्त्यासाठी. म्हणजे बघा, त्या दोन रेघांमधलं अंतर हा मुळात रस्ता होता! मी पंधरा वर्षं तो कागद भरला (किंवा नंतर भरला) आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर आग्नेय आशियात ३५,४८४ बायकांवर मोठा अभ्यास झाला, १९९४ मध्ये छापून आला, त्यात कागद नीट वापरल्यावर लांबलेल्या बाळंतपणांचं प्रमाण ६.४ टक्क्यांवरून ३.४ वर आलं आणि कळा वाढवायची औषधं निम्म्याहून कमी लागली.

मग बदलला कशाला? कारण सगळ्या बायका तासाला एक सेंटीमीटर उघडतच नाहीत. खूपशा निरोगी बायका सावकाश उघडतात आणि छान मोकळ्या होतात. जुन्या रेघेच्या नादात आम्ही कितीतरी पोरी उगाच रेफर केल्या, त्यातल्या दोन तर घाटात १०८ मध्येच मोकळ्या झाल्या आणि गाडीतले डॉक्टर फोनवर माझ्यावर असे काही चिडले की विचारू नका. नवीन कागदात तिरकी रेघच नाही. ४ ऐवजी ५ सेंटीमीटरपासून भरायला सुरुवात, आणि प्रत्येक सेंटीमीटरला वेगळी मुदत. ५ ला ६ तास किंवा जास्त अडकली तर गोल करा (म्हणजे धोक्याची खूण), ६ ला ५ तास, ७ ला ३, ८ ला अडीच, ९ ला २. डावीकडे अलर्टचा रकाना आहे, त्यात प्रत्येक ओळीसमोर धोक्याचे आकडे छापलेलेच आहेत. ठोके ११० च्या खाली किंवा १६० आणि वर, नाडी १२० आणि वर, ताप ३७.५, लघवीत अ‍ॅसिटोन दोन प्लस. जे त्या आकड्यात बसेल त्याला गोल करायचा. पाठ करायला नको, गाईड उघडायला नको. नवीन लागलेल्या पोरींना हे सोन्यासारखं आहे, एक पूर्ण स्टार ह्या रकान्याचा.

दुसरी चांगली गोष्ट, वरच्या ओळी. सोबत कोणी आहे का, पाणी-चहा घेतेय का, वेदनेसाठी काही केलं का, झोपूनच आहे की हिंडतेय. सुरुवातीला मी म्हटलं हे काय फॅड. पण "सोबत नाही" असं लिहून त्याला स्वतःच्या हाताने गोल करायला लागला ना, की तिसऱ्या वेळी आपणच बाहेर जाऊन म्हणतो मावशी या आत, पाठ चोळा हिची. आणि पाणी प्यायलेली बाई लवकर गळत नाही हे काय मी नव्याने सांगायला हवं? आमच्याकडे अजून "काही खायचं-प्यायचं नाही" म्हणून दहा-दहा तास कोरड्या ठेवायचे.

तिसरी, बाळ ढकलायच्या वेळेचेही रकाने आहेत, जुन्यात पूर्ण उघडली की कागद संपायचा, आणि गडबड तर तिथून पुढेच होते. पोट दाबणं! अजून चालतं ते, मावशी स्टुलावर चढून कोपराने दाबतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय, दाबू नका. अडलेल्या बाईचं पोट दाबणं म्हणजे बंद दारावर गाडी घालणं आहे, दार नाही उघडत, गाडी चेपते.

आता अर्धा नाही, दीड मार्क कुठे कापला ते सांगते, आणि त्यासाठी एका रात्रीचं सांगायला लागेल.

पावसाळा, नाइट. साडेअकराला वीस वर्षांची पहिलटकरीण आली, उंची जेमतेम ४ फूट ७ इंच, मराठी तिला थोडंच कळायचं, आशाताई मध्ये बोलत होती. ५ सेंटीमीटर, ठोके छान, कळा छान. पोटावरून डोकं चार बोटं वर. हे चार बोटं म्हणजे, ओटीपोटाच्या हाडाच्या वर डोकं हाताला किती लागतं ते आपल्या पाच बोटांनी मोजायचं. पाचही बोटं मावली तर डोकं पूर्ण वर आहे, दोन किंवा कमी राहिली तर आत बसलं. कागदावर उघडणं फुलीने मांडायचं आणि डोकं गोलाने (हा गोल फक्त डोक्याची जागा दाखवतो, धोक्याचा नाही), खालीवर दोन वेगळ्या चौकटींत. सगळं नीट चाललं की फुली वर चढते, गोल खाली उतरतो.

साडेतीनला ७ सेंटीमीटर. डोकं चारच. पाच वाजता लघवीत अ‍ॅसिटोन दोन प्लस, म्हणजे अंगातलं बळ संपत आलंय, पहिला गोल केला, पाणी पाजलं, सलाईन जोडलं. साडेपाचला मी परत तपासलं (नियमाने चार तासांनी करायचं, पण मला राहवेना). ७ च. कळा दहा मिनिटांत चार, पन्नास-पन्नास सेकंदांच्या, म्हणजे पिशवी काम करतेय. आणि बोटाला डोक्याऐवजी मऊ पिठाचा गोळा लागला. कॅपुट, डोक्यावरची सूज. त्याच्या बाजूने बोट फिरवलं तर कवटीच्या शिवणीवर एक हाड दुसऱ्यावर चढलेलं, दाबलं तर मागे सरकत होतं. म्हणजे मोल्डिंग दोन प्लस. सरकलंच नसतं तर तीन.

इथे नवीन सिस्टरांसाठी एक थांबा. ही सूज फसवते. सूज खाली खाली येते, केस दिसायला लागतात, सगळे ओरडतात डोकं आलं डोकं आलं, लाव जोर. डोकं आलेलं नसतं, नुसती सूज आलेली असते, हाड जिथल्या तिथे. म्हणून आत हात घालायच्या आधी पोटावर हात ठेवायचा. दर वेळी. पाच बोटं खोटं बोलत नाहीत.

मी एमओ (ड्युटीवरचे डॉक्टर) सरांना उठवलं. सर चांगले आहेत, वयाने लहान आहेत, कागद वाचणारे आहेत, आणि त्यांनी नेमका कागदच वाचला. म्हणाले सिस्टर, ७ ला तीन तास म्हणजे साडेसहा, अजून तास आहे. कॅपुटला गोल तीन प्लसला, मोल्डिंगलाही तीन प्लसला. नाडी ११२, ती पण १२० ला. गोल एकच आहे, अ‍ॅसिटोनचा. कशाच्या जोरावर रेफर करायची? खालून (उपजिल्हा रुग्णालयातून) ओरडतील. थोडं पिटोसीन लावून बघूया?

आणि सर चुकीचं बोलत नव्हते हो. कागदावर तेच होतं! डोकं चार बोटांवर सहा तास अडून बसलंय, सगळ्यात मोठी खूण, आणि त्या ओळीसमोर अलर्टच्या रकान्यात आकडाच छापलेला नाही. रिकामा. तुम्ही गोल मांडत राहा, सरळ आडव्या रेषेत मांडत राहा, कागद काही बोलणार नाही. बाई अडलीये हे ओळखायला काढलेल्या कागदात अडण्याचीच ओळ मुकी. ह्याचा एक स्टार कापला.

उरलेला अर्धा रस्त्याचा. मी त्या पानावर पेन्सिलीने जुनी तिरकी रेघ मारली. साडेअकराला ५, तासाला एक, म्हणजे दीड वाजता ७ व्हायला हवी होती. साडेतीनला ती ७ होती, अलर्ट रेघ तेव्हाच ओलांडलेली. आणि दीड अधिक चार, साडेपाच. आत्ता ह्या मिनिटाला ती अ‍ॅक्शन रेघेवर उभी होती. सरांना म्हटलं सर, नवीन कागद म्हणतो साडेसहाला विचार करा, साडेसहाला विचार केला तर गाडी निघणार सातला, पोचणार पावणेनऊला, तोपर्यंत हे हाड कुठे चढलेलं असेल? आणि कळा दहात चार असताना पिटोसीन कुणाला द्यायचंय, पिशवीला की भिंतीला? जरा जास्तच बोलले, माहितीये. पण तुम्ही स्वतः पोटावर हात ठेवा म्हटलं.

त्यांनी ठेवला. बोटं मोजली. मग मी कॅथेटर (लघवीची नळी) घातला, लघवी आली जेमतेम दीडशे मिली, आणि ती गुलाबी होती. डोकं लघवीच्या पिशवीला हाडावर दाबतंय त्याचा तो रंग. सर पुढे एक शब्द बोलले नाहीत, फोन घेऊन बाहेर गेले.

अँटिबायोटिकचा पहिला डोस, सलाईन चालू, डाव्या कुशीवर, कॅथेटर तसाच. सासूबाई म्हणाल्या बाई इथंच करा ना मोकळी, आमच्यात कुणाचं पोट फाडलं नाही. आशाताईने त्यांना काय सांगितलं ते मला भाषेमुळे कळलं नाही, पण त्या गाडीत चढल्या. कागदाच्या अगदी खाली निष्कर्ष आणि पुढचं काय ठरलं हे लिहायचे रकाने आहेत. तिथे लिहिलं, सहा तासांत डोकं उतरलं नाही, कळा पुरेशा, अडल्याची शंका, रेफर. सरांनी सही केली. हा रकाना चांगला आहे, हं. जुन्या कागदावर ठिपके असायचे, निर्णय कुणी आणि कधी घेतला हे कुठेच नसायचं, नंतर सगळं सिस्टरच्या गळ्यात. कागदाचा मोबाईलवर फोटो काढून खाली पाठवला आणि झेरॉक्स हातात दिली. सहा वीसला गाडी सुटली.

खाली ओटी तयार होती कारण फोटो आधी पोचला होता. पावणेनऊला सिझर. बाळाचं तोंड वर होतं, मान ताठ, मुलगी, ३ किलो १००. रडायला मिनिटभर लावलं तिने. तिथल्या मॅडमनी कॅथेटर लगेच काढला नाही, आणि ते बरोबर होतं. अडलेल्या बाळंतपणात दाबलेली जागा मरते, मग काही दिवसांनी तिथे भोक पडून लघवी आपोआप गळायला लागते, बाई आयुष्यभर घोंगडीवर वेगळी झोपते आणि कुणाला सांगत नाही. लघवीची पिशवी रिकामी राहिली तर जागेला भरून यायला वाव मिळतो. गाडी, सिझर, जेवण, परत घरी सोडणं, सगळं फुकट, जननी-शिशु सुरक्षावालं. औषधाची एक चिठ्ठी बाहेरून आणायला लावली म्हणे, असो, तो रिव्ह्यू वेगळा.

बारीक तक्रारी. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की अलर्टचा रकाना काळाभोर होतो, म्हणजे नेमका कामाचा भागच वाचता येत नाही, मूळ पीडीएफवरूनच प्रिंट काढा. चौकोन इतके लहान की चाळिशी लागलेल्या सिस्टरने करायचं काय, मी भिंगाचा चष्मा लेबर रूममध्ये खिळ्याला टांगून ठेवलाय. बारा तासांनंतर दुसरा कागद जोडायचा असतो, तो कुणी जोडत नाही. आणि हे भरून झाल्यावर परत केसपेपर, परत रजिस्टर, परत ऑनलाइन, तीच माहिती चार वेळा. कागद कमी केल्याशिवाय नवीन कागद देऊ नका, ही मागणी मी ट्रेनिंगलाही केली होती, टाळ्या पडल्या, झालं काहीच नाही.

घ्यावा का? घ्या. जुन्यापेक्षा चांगलाच आहे, उगाच रेफर कमी झाले हे मी माझ्या डोळ्यांनी बघतेय. फक्त ज्यांचं सिझर सेंटर लांब आहे त्यांनी आमच्यासारखं करा. आम्ही लेबर टेबलाशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात चिकटवलंय, "अलर्टच्या वेळेतून रस्त्याचे दोन तास वजा". आणि डोक्याच्या ओळीसमोरच्या त्या रिकाम्या चौकोनात आता लाल पेनाने आमचं आम्हीच लिहितो, कळा चांगल्या असून दोन तपासण्यांत डोकं तिथंच, गोल करा. छापील कागदावर खाडाखोड केली म्हणून एका तपासणीत शेरा बसला. बसू दे.

परवा ती मुलगी लसीकरणाला आली होती, बाळाच्या डोक्याचा आकार आता एकदम गोल. सासूबाईंनी मला ओळखलं, पेन्सिलवाली बाई म्हणाल्या.